रविवारच्या बातम्या, हातांनी

‘महागाई आटोक्यात ठेवण्याच्या दृष्टीने योग्य ती पावले उचलण्यात येतील.’

हे वाक्य तोंडाने म्हणायला सोपं आहे. मंत्री म्हणतात, बातम्या देणारी मुलगी म्हणते, आपण चहा पिता पिता ऐकतो आणि विसरतो. आता हेच हातांनी सांगून बघा. खुणांच्या भाषेत आधी माणसं उभी करावी लागतात. सरकार डावीकडे, व्यापारी उजवीकडे, आपण मधे. मग कोण कुणाचं काय करतं, ते हात एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे नेऊन दाखवायचं. ‘उचलण्यात येतील’ला आमच्याकडे जागाच नाही. कोण उचलणार? कुठे ठेवणार? हात हवेत तसेच राहतात आणि समोरची माणसं वाट बघत बसतात.

अशा वाट बघणाऱ्या माणसांसमोर मी पंचवीसेक वर्षं दर रविवारी उभी राहिले. काम एवढंच की आठवडाभरात दिल्लीत काय झालं, संसदेत काय झालं, रिझर्व्ह बँकेने व्याजाचं काय केलं, पेट्रोल, गॅस, पेन्शन, कर, निवडणुका, हे सगळं दोन तासांत हातांनी सांगायचं. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच ऐकू येत नव्हतं.

आमचं घराणं बंगळूरचंच. पूर्वज कधीतरी मराठी फौजेच्या मागोमाग आले आणि इथेच राहिले, असं घरात सांगतात. त्यापलीकडे कुणाला काही ठाऊक नाही. धंदा शिवणकामाचा. माझे वडील, आप्पा, जन्मापासून बहिरे. शिवाजीनगरला त्यांचं दुकान होतं आणि त्यांच्या हाताचा कोट सबंध कँटोन्मेंटात ओळखला जायचा. आईला ऐकू यायचं. तिचं मराठी अर्धं कानडी. ‘स्वल्प थांब’, ‘सरी, जा’ हे मी मोठी होईपर्यंत मला मराठीच वाटायचं. म्हणजे मी बोलायला शिकले आईकडून आणि त्याच्याही आधी हात हलवायला आप्पांकडून. गिऱ्हाईक आलं की मी काउंटरवर उभी राहून इकडचं बोलणं तिकडे करायची. तीच पुढे नोकरी झाली. कर्णबधिरांच्या एका प्रशिक्षण केंद्राने मला दुभाषी म्हणून घेतलं.

दुभाष्याचं काम लोकांना कळत नाही. ‘त्या मुक्यांना शिकवणाऱ्या बाई’ अशी माझी ओळख अजूनही करून देतात. मी कुणाला काही शिकवलं नाही. कोर्टात साक्ष, दवाखान्यात बाळंतपण, बँकेत खातं, पोलीस ठाण्यात तक्रार. जिथे एक ऐकणारा आणि एक न ऐकणारा समोरासमोर येतात तिथे मधे उभं राहायचं. दोघांचं पूर्ण बोलणं दोघांपर्यंत पोचवायचं. आपलं काही घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. काम झालं की दोघं एकमेकांचे हात हातात घेतात, आणि आपण पर्स उचलून बस पकडायची.

रविवारचं काम मात्र वेगळं. बसस्टँडच्या मागे, गणवेश शिवणाऱ्यांच्या दुकानांवर पहिल्या मजल्यावर एक हॉल होता. केंद्राने तो सकाळपुरता घेतलेला असायचा. शिंपी, वेल्डर, छापखान्यातले, कारखान्यातले, काही बायका, सगळे तिथे जमायचे. कुणी तमिळ घरातलं, कुणी उर्दू, कुणी कानडी, कुणी तेलुगू. घरी बहुतेकांशी कुणी बोलत नसे. म्हणजे ‘जेवलास का’ एवढी खूण घरोघरी असते. पण वडील टीव्ही बघून का चिडले, भाऊ मतदानावरून कुणाशी भांडला, हे त्यांना कोण सांगणार? विचारलं तर घरचे म्हणत, ‘काही नाही, नंतर सांगतो.’ ते नंतर कधी यायचं नाही. म्हणून रविवार.

शनिवार माझा तयारीचा. एक इंग्रजी, एक कानडी वर्तमानपत्र आणि मराठी मिळेल ते, कधी शिळंसुद्धा. आठवड्याची सगळी पसरून बसायचं आणि प्रत्येक बातमीतून कर्ता शोधून काढायचा. ‘निर्णय घेण्यात आला’ असं असेल तर कुणी घेतला ते दुसऱ्या पेपरात बघायचं. तिसऱ्यातही नसेल तर तसं सांगायचं: निर्णय झाला, कुणी केला ते लिहिलेलं नाही. लोक समजून मान हलवत. नेत्यांची नावं अक्षरं जुळवून सांगत बसलं तर दुपार होईल, म्हणून प्रत्येकाला खूण असायची. कुणाची मिशी, कुणाची चालण्याची ढब, कुणाचा चष्मा सारखा करण्याची सवय. नवीन मंत्री आला की हॉल त्याचा फोटो बघून पाच मिनिटांत बारसं करून मोकळा. त्यातली काही नावं इथे छापता येणार नाहीत.

एकदा एक विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. मी सांगितलं, ज्यांना हवं ते ओरडले, ज्यांना नको तेही ओरडले, आणि अध्यक्षांनी ठरवलं की हवं म्हणणारे जास्त आहेत. हॉलमधे कुणाचा विश्वास बसेना.

‘ओरडून?’ छापखान्यातल्या शरीफने विचारलं.

‘हो.’

‘मोजलं कुणी?’

‘मोजलं नाही. ऐकून ठरवलं. कुणी अडून बसलं तर मग मोजतात.’

सगळे पोट धरधरून हसले. मग शरीफ थोडा विचार करून म्हणाला, ‘म्हणजे माझ्यासारखा खासदार झाला तर तो ओरडला की नाही, हे त्याला स्वतःला तरी कळेल का?’ त्यावर हसायचं की नाही, ते कुणाला ठरवता येईना.

मेरी अक्का म्हणून एक बाई दर बजेटला यायच्या, एरवी नाही. बजेट दोन तास सांगितलं तरी त्या शांत डोळे मिटून बसत. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले म्हणजे त्याने दार लावून घेतलं. शेवटी एक डोळा उघडून गळ्याकडे बोट दाखवत: सोन्याचं काय? सोन्याचं सांगितलं की उठून जात. मी त्यांच्यावर कधी रागावले नाही. पुष्कळ ऐकणारी माणसंही तसंच ऐकतात.

सगळ्यात अवघड भाग चेहऱ्याचा. आमच्या भाषेत भुवया, गाल, ओठ हे व्याकरण आहे. चेहरा न हलवता बोलणं म्हणजे काना-मात्रा न देता लिहिणं. पण तोच चेहरा माझं मतही सांगून टाकतो. शनिवारी संध्याकाळी मी आप्पांसमोर सगळं एकदा करून बघायची. ते खुर्चीत काजं करत बसलेले असायचे. मधेच सुई थांबवून ते तळहात स्वतःच्या तोंडावरून वरून खाली फिरवत. म्हणजे पूस. ‘बातमी अजून आली नाही आणि तुझा चेहरा चिडून बसलाय.’ मी पुन्हा करायची. पुन्हा पूस. असं करता करता मला सवय लागली. मंत्र्याचा चेहरा मंत्र्याचा, विरोधकांचा विरोधकांचा. माझा मी घरी ठेवून निघायची.

आप्पा गेले तेव्हा घरात मी एकटीच राहिले. आई त्याआधीच गेली होती. धाकटा भाऊ सर्जापूर रोडला एका उंच इमारतीत राहतो. त्याची बायको पुण्याची, स्वभावाने चांगली आहे. माझं बोलणं ऐकून ती म्हणते, ‘ताई, तुमचं मराठी किती क्यूट आहे!’ सणाला मी तिकडे जाते. सगळे भराभर बोलतात, अर्धं इंग्रजीत. माझ्याकडे कुणाचं कुणाला पोचवायचं काम नसतं. हात मांडीवर पडलेले असतात आणि ते कुठे ठेवावेत ते कळत नाही. भाऊसुद्धा हातांनी बोलायचा लहानपणी. आता विसरलोय म्हणतो. आप्पांनंतर घरात हात हलवायला कुणी नाही आणि आईनंतर मराठी बोलायलाही कुणी नाही. शनिवारची तयारी मी कपाटाकडे तोंड करून करू लागले.

आता रुद्रप्पांचं सांगते, कारण लिहायला बसले ती त्यांच्यासाठी.

रुद्रप्पा एका सरकारी कारखान्यात टर्नर, लेथ चालवणारे. एके काळी त्या कारखान्याने बऱ्याच बहिऱ्या माणसांना घेतलं होतं. यंत्रांच्या आवाजात ऐकणारी माणसं एकमेकांच्या कानाशी ओरडत, आणि हे लोक यंत्रांच्या शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आरामात गप्पा मारत. ‘तिथे तेच बहिरे होते,’ रुद्रप्पा म्हणत. माणूस उंच, खांदे रुंद, शर्टाला नेहमी इस्त्री. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन हुबळीला. आमच्या भाषेत तू आणि तुम्ही असा फरक नसतो, बोट समोर केलं की झालं. म्हणून इथे त्यांचं बोलणं लिहिताना मी ‘तू’ लिहिते आहे. त्यात मान कमी नव्हता.

सरकारी कारखान्यांतले हिस्से विकायचे, काही बंद करायचे, अशा बातम्या मी अधूनमधून सांगत आले होते. ‘निर्गुंतवणूक’ या शब्दाला खूण नव्हती. मी एक केली: मूठ घट्ट धरायची आणि एकेक बोट हळूहळू सोडायचं. सरकारने धरलेली वस्तू सरकार सोडतंय. हॉलला ती आवडली. मग एका आठवड्यात रुद्रप्पांच्या कारखान्याचं नावच पेपरात आलं. तोट्यातल्या कारखान्यांबद्दल एक बातमी होती आणि त्यात एका ओळीत इतर नावांबरोबर ते.

त्या दिवसापासून ते दर रविवारी बातम्या सुरू व्हायच्या आधी मूठ वर धरत आणि भुवया उंचावत. किती बोटं सुटली? मी पेपरात असेल तेवढं सांगायची. या आठवड्यात काही नाही. या आठवड्यात मंत्री म्हणाले कामगारांच्या हिताला धक्का लागणार नाही. या आठवड्यात सचिव म्हणाले निर्णय लवकरच. कारखान्यातले आणखी सात-आठ जण हॉलमधे असत. ते सगळे माझ्या हाताकडे असे बघत की मला बोटं हलवायची भीती वाटायची.

मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. ठरावीक मुदतीत अर्ज करायचा; घ्यायची तर घ्या, नाहीतर राहा. राहिलं तर पुढे काय, ते कुणी सांगत नव्हतं. त्या रविवारी बातम्या संपल्यावर रुद्रप्पा थांबले. बाकीचे जिन्यात होते.

‘तू दर आठवड्याला सगळं वाचतेस,’ ते म्हणाले. ‘तीन तीन पेपर. तुला काय वाटतं?’

‘माझं मत सांगत नाही मी. तुला माहीत आहे.’

‘माहीत आहे. तरी विचारतो. राहणार की बंद होणार?’

मला वाटत होतं बंद होणार. इतके महिने त्या बातम्या एकीपुढे एक ठेवून वाचल्यावर दुसरं काही वाटणं शक्य नव्हतं. पण माझ्या वाटण्यावर एका माणसाने नोकरी सोडायची? उद्या कुणी तो कारखाना चालवायला घेतला तर? मी म्हटलं, ‘मला जे वाटतं ती बातमी नाही. कारखान्याच्या साहेबालाच विचार. मी येईन बरोबर.’

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या चेहऱ्यावर काही सापडतंय का, ते शोधत असावेत. आप्पांनी तो चांगला पुसून दिला होता.

कारखान्यानेच मला बोलावलं. बहिऱ्या कामगारांना योजना समजावून सांगायची होती, तर दुभाषी हवा. कँटीनमधे टेबलं बाजूला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. वीसेक माणसं, सगळी आपली. कार्मिक विभागाचे एक साहेब आले. वाईट माणूस नव्हता तो. पन्नाशीचा, थकलेला, हातातला कागद सारखा घडी करणारा. त्यांनी इंग्रजीत योजना वाचली. मी त्यांच्या शेजारी उभी राहून सांगत गेले. नियम, मुदत, काय मिळेल, काय नाही. तोपर्यंत सोपं होतं.

मग रुद्रप्पा उठले. ‘एकच प्रश्न. आम्ही अर्ज केला नाही तर कारखाना चालू राहील का?’

मी ते तोंडाने सांगितलं. साहेबांनी कागद उघडला, पुन्हा घडी केला. म्हणाले, ‘या संदर्भात सर्व पर्याय विचाराधीन आहेत.’

माझे हात वर गेले आणि तिथेच थांबले. मी हळू आवाजात म्हटलं, ‘सर, विचार कोण करतंय? यांच्या भाषेत ते सांगितल्याशिवाय वाक्य होत नाही.’

‘मॅडम, तुम्ही फक्त भाषांतर करा.’

‘तेच करतेय सर. तुम्ही करताय विचार, की दिल्लीत कुणी करतंय?’

मी हे विचारत होते तेव्हा हातांनीही तेच सांगत होते, कारण खोलीत जे बोललं जातं ते सगळं सगळ्यांना कळलं पाहिजे, हा आमचा पहिला नियम. वीस जणांनी माझ्यावरून नजर काढली आणि साहेबांकडे वळवली. बहिरी माणसं बघतात तेव्हा पूर्ण बघतात. कान नसल्यामुळे त्यांना अर्धवट लक्ष देता येत नाही. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा खाली. मग अगदी पुटपुटत, कानडीत, जणू फक्त मला म्हणाले, ‘नमगू गोत्तिल्लम्मा.’ आम्हालाही माहीत नाही, बाई.

मी ते हातांनी सांगितलं. जसंच्या तसं, त्यांच्या वाकलेल्या मानेसकट. आम्हालाही माहीत नाही.

साहेबांना कळायला थोडा वेळ लागला. समोरच्या माणसांचे चेहरे बदलले तेव्हा ते माझ्याकडे वळले. ‘ते सांगितलंत तुम्ही? ते सांगायचं नव्हतं!’

तेही मी सांगितलं. नियम नियमच.

बैठक तिथेच संपली. कारखान्यातल्या हजारभर ऐकणाऱ्या कामगारांना पुढच्या आठवड्यात तेच ‘सर्व पर्याय विचाराधीन’ सांगण्यात आलं, टाळ्यासुद्धा झाल्या म्हणे. खरं काय ते फक्त या वीस बहिऱ्या माणसांना कळलं होतं. मला त्या दिवशी बसमधून घरी येताना फार अभिमान वाटला. इतकी वर्षं काम करते आहे, पण आज काम झालं, असं वाटलं. सांगायला घरी कुणी नव्हतं, म्हणून कुकर लावता लावता एकटीच हात हलवत होते.

केंद्राकडे तक्रार गेली. कारखान्याने मला पुन्हा बोलावलं नाही. आमच्या संचालक बाईंनी मला आत बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, ‘तुमचं चुकलं नाही. पण स्वल्प सांभाळून घेता आलं असतं.’ मी म्हटलं, सांभाळून घेणं हे वेगळं काम आहे, ते मला येत नाही.

रुद्रप्पांनी अर्ज केला. त्यांच्याबरोबर आणखी अकरा-बारा जणांनी. कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘जो स्वतःच अंधारात आहे त्याच्या मागे कुठवर चालायचं?’ मला ते पटलं.

पण पुढे झालं असं की कारखाना लगेच बंद झाला नाही. निवडणूक जवळ आली, स्थानिक पुढाऱ्यांनी गेटवर सभा घेतल्या, निर्णय पुढे गेला. आणखी दोनेक वर्षं यंत्रं चालली, कधी पूर्ण, कधी अर्धी, पण पगार होत राहिला. शेवटी बंद झालं तेव्हा उरलेल्यांना जी योजना मिळाली ती आधीपेक्षा थोडी चांगलीच होती. ज्यांना खोटं सांगितलं होतं ते फायद्यात राहिले. ज्यांना खरं कळलं होतं ते आधीच घरी बसले होते.

या सगळ्या बातम्या मीच सांगितल्या. निर्णय पुढे गेला तोही रविवार आणि नवी योजना आली तोही. रुद्रप्पा पहिल्या रांगेत बसून बघत होते. नवी योजना सांगितली त्या दिवशी त्यांनी मूठ वर धरली नाही. बातम्या संपायच्या आधीच उठले. जिन्यात मी त्यांना गाठलं. मी चुकीचं सांगितलं नव्हतं. माफी मागावी तर कशाची?

तेच म्हणाले, ‘तुझ्यावर राग नाही.’ मग पाय जमिनीवर आपटून दाखवला. ‘तिथे लेथ चालायची तेव्हा खालून कळायचं. चपलेतून, हाडातून. तीस वर्षं. घरी जमीन हलत नाही. मेल्यासारखी पडलेली असते. आणखी दोन वर्षं मिळाली असती.’

त्यानंतर ते येईनासे झाले. बराच काळ मधली खुर्ची रिकामी ठेवत होते लोक; मग कुणी नवीन आलं आणि बसलं. मी बातम्या सांगत राहिले. एक करप्रणाली गेली, दुसरी आली. शिंप्यांना कुठल्या कपड्यावर किती कर ते सांगता सांगता माझीच बोटं गुंतायची. सरकारं आली, गेली, तीच पुन्हा आली. मी कुणाला मत देते, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

मग फोन आले, म्हणजे व्हिडिओ दिसणारे. आता बहिरी मुलंमुली स्वतःच बातम्या सांगतात. शाहीन नावाची एक मुलगी आहे, आमच्याच केंद्रात शिकली, जन्मबहिरी. ती रोज संध्याकाळी फोनवर दहा मिनिटांत सगळं सांगते. मी तिचं बघते आणि मनातून दाद देते. तिचे हात मातृभाषा बोलतात. माझे, कितीही झालं तरी, भाषांतर करत असतात. ‘निर्गुंतवणूक’साठी ती अजून ती सुटणारी मूठच वापरते. कुणी केली ते तिला माहीत नसावं. हॉलमधली माणसं कमी होत गेली. आठवडाभर शिळ्या बातम्यांसाठी कोण बस बदलून येणार? बरोबर आहे. मी निवृत्त झाले तरी रविवारी जात राहिले, कारण रविवारी दुसरं कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी केंद्राने कळवलं की महिनाअखेर हॉल सोडणार आहोत.

शेवटच्या रविवारी मी वर गेले तेव्हा खुर्च्या मांडलेल्याही नव्हत्या. पंखा लावला, पेपरची कात्रणं काढली, खिडकीत उभी राहिले. खाली बस येत-जात होत्या. अर्ध्या तासाने जिन्यात कुणीतरी दिसलं. रुद्रप्पा होते. केस सगळे पांढरे झालेले, एक खांदा उतरलेला, पण शर्टाला इस्त्री. हॉल बंद होतोय हे त्यांना शाहीनच्या बातम्यांत कळलं होतं.

त्यांनी भिंतीजवळच्या दोन खुर्च्या आणून समोरासमोर ठेवल्या. मी उभी राहून सुरुवात करणार तोच त्यांनी हात आडवा धरला.

‘बातम्या नकोत. रोज बघतो फोनवर.’

‘मग?’

‘बस. तुझं सांग.’

‘माझं काय?’

‘तुझं. कशी आहेस?’

मी बसले. इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. दुभाषी जेव्हा ‘मी’ म्हणतो, तेव्हा तो स्वतःबद्दल बोलत नसतो. डॉक्टर म्हणाले ‘मी औषध लिहून देतो’, तर मी छातीवर बोट ठेवून ‘मी’ म्हणते, आणि बघणाऱ्याला कळतं की हा मी म्हणजे शेजारी उभा असलेला डॉक्टर. रुद्रप्पांसाठी मी बँकेत, दवाखान्यात, त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत असंख्य वेळा ‘मी’ म्हटलं होतं. दर वेळी तो दुसऱ्या कुणाचा तरी होता.

मी छातीवर बोट ठेवलं. ‘मी.’

आणि रुद्रप्पांनी सवयीने माझ्या शेजारी बघितलं. तिथे कोण उभं आहे ते बघायला.

तिथे कुणी नव्हतं. त्यांची नजर परत माझ्यावर आली, त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली.

‘सांग,’ ते म्हणाले.

इतक्या वर्षांत काय काय साठलं असेल असं वाटतं, पण विचारल्यावर हाताला भलतंच लहान काहीतरी लागतं. मी म्हटलं, ‘मी काल दिवसभर कुणाशी बोलले नाही. परवा भाजीवाल्याशी बोलले.’

‘काय?’

‘कोथिंबीर महाग आहे म्हटलं.’

‘तो काय म्हणाला?’

‘म्हणाला, सरकारला विचारा.’

रुद्रप्पा हसले. हसताना ते मोठा आवाज करतात, त्यांना तो ठाऊक नाही. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं. मुलगी हुबळीला बोलावते, पण तिथे नातवंडांना खुणा येत नाहीत. दुपारी ते बसवनगुडीच्या बाजूला मेट्रोने जातात, काही काम नसतं, फक्त गाडी येते तेव्हा फलाट पायाखाली थरथरतो म्हणून. मी आप्पांचं सांगितलं, शनिवारी मी कपाटासमोर उभी राहते ते सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘त्या दिवशी कँटीनमधे, तुला वाटत होतं ना बंद होणार म्हणून?’ मी म्हटलं, ‘हो.’ चेहरा पुसला नाही. ते म्हणाले, ‘दिसत होतं. त्याआधी इथे विचारलं तेव्हाच दिसलं होतं.’ मी इतकी वर्षं काय पुसत होते कोण जाणे.

वेळ किती गेला ते कळलं नाही. खांद्यावर कुणीतरी थाप मारली तेव्हा दचकले. खालच्या दुकानांचा वॉचमन किल्ल्या घेऊन उभा होता.

‘काय अक्का,’ तो कानडीत म्हणाला, ‘केव्हाचा जिन्यातून हाका मारतोय. या अण्णांचं ठीक आहे, तुम्हालाही ऐकू येत नाही का?’

मी रुद्रप्पांना विचारलं, ‘उद्या कुठे भेटायचं?’ आणि मग वॉचमनकडे वळले.